आपांची उभी गढी

"टेप ताठ धरा, टीचर. झोळ आला की तो खोटं बोलतो."

आपांचं हे वाक्य मी सहा वर्षांत किती वेळा ऐकलं, सांगता येणार नाही. टेपचं एक टोक त्यांच्या हातात, एक माझ्या, मधे कुठल्यातरी पडक्या भिंतीची लांबी आणि डोक्यावर ऊन. माझा हात जरा खाली आला की पलीकडून हे वाक्य यायचं. आवाजात राग नसे. वर्गात एखाद्या मुलाला आपण सवयीनं "नीट बस" म्हणतो, तसा तो आवाज.

भिंगारला आमच्या घरामागच्या गल्लीत त्या राहायच्या. गल्ली त्यांना आपा म्हणायची, म्हणून मीही आपा म्हणू लागले. सरकारी बांधकाम खात्यात त्या ट्रेसर होत्या. हे काम आता कुठं उरलेलं नाही, म्हणून सांगते. अभियंता पेन्सिलीनं नकाशा काढायचा. ट्रेसर त्यावर पारदर्शक कागद अंथरून तीच रेघ शाईनं गिरवायची. पदरची रेघ घालायची नाही आणि असलेली गाळायची नाही. चुकलं तर ब्लेडच्या पात्यानं शाई खरवडून काढायची, कागद न फाटता. आपांनी उभा जन्म मोऱ्या गिरवल्या, पूल गिरवले, दवाखाने आणि शिपायांच्या चाळी गिरवल्या. नकाशा काढणाऱ्याचं नाव ठसठशीत असायचं. त्याखाली गिरवणाऱ्याची सही इतकी बारीक की चष्मा पुसून वाचावी लागे.

त्यांचे मिस्टर लवकर गेले होते. मुलगी लग्न होऊन नाशिकला. निवृत्तीनंतर त्या घरात एकट्याच असत. एका रविवारी दुपारी मी पोषण आहाराची रजिस्टरं पसरून बसले होते, तेव्हा त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, तुमच्याकडे स्कूटी आहे आणि रविवारी तुम्हाला सुट्टी असते. मी म्हटलं, सुट्टी कागदावर असते. त्या हसल्या आणि आत येऊन बसल्या.

झालं असं होतं, की कर्जतकडून येताना एसटीच्या खिडकीतून त्यांना एक गढी दिसली होती. गढी तुम्हीही पाहिली असेल. आपल्याकडच्या जुन्या गावांत मधोमध किंवा एका कडेला मातीचा उंच ढिगारा असतो, त्यावर बाभळी माजलेल्या असतात, खाली दोन-चार थर घडीव दगडाचे. पूर्वी गावचा मुख्य माणूस तिथं राहायचा. किल्ला म्हणावं तर लहान, घर म्हणावं तर भिंती तोफेपुढं टिकतील अशा. आपांनी पाहिली त्या गढीला जेसीबी लागला होता आणि तिची पांढरी माती ट्रॉलीत भरली जात होती. शेतात टाकायला ती माती चांगली असते. आपा म्हणाल्या, माती नेणाऱ्यांचं चुकतं असं मी म्हणत नाही. फक्त ती जायच्या आधी कुणी मोजून ठेवत नाही, एवढंच.

पुढं सहा वर्षं माझे बरेचसे रविवार असे गेले. सकाळी स्कूटीवर मागं त्या, त्यांच्या मांडीवर पिशवी, पिशवीत टेप, ओळंबा, फळी, कागद आणि दोघींपुरती बाजरीची भाकरी न् अंड्याचं कालवण. मी कंटाळायचे. आठवडाभर शाळा, मतदार याद्या, ऑनलाइन माहिती भरणं, आणि रविवारी हे. पण त्या दारात येऊन उभ्या राहिल्या की मला नाही म्हणता येत नसे.

गावात शिरलं की माणसं जमायची. दोन बायका, हातात टेप, म्हणजे घरकुलाची यादी आली असणार. एकदा एका म्हातारबुवांनी आम्हाला गढीवरून हाताला धरून आपल्या घरी नेलं आणि पडकी भिंत दाखवली. आपांनी ती भिंतही मोजली. कागदावर लिहून त्यांच्या हातात दिली. परतताना मी म्हटलं, त्यांना उगाच आशा लागली. त्या म्हणाल्या, मी काही देते म्हटलं नाही, भिंत किती उरलीय एवढंच सांगितलं.

दुसरा त्रास इतिहासाचा. प्रत्येक गावाला आपली गढी सगळ्यांत जुनी वाटायची. कुणी निजामशाहीतली सांगे, कुणी त्याच्याही आधीची. आपांच्या नकाशावर 'काळ' असा रकाना असायचा आणि त्यात त्या सुंदर अक्षरात लिहायच्या, 'माहीत नाही'. एका गावचे उपसरपंच यावर चिडले. म्हणाले, एवढा उन्हातान्हाचा खटाटोप करून माहीत न्हाई काय लिहिता. आपा म्हणाल्या, माहीत झालं की खोडून लिहीन, ब्लेड आहे माझ्याकडे.

उभी गढी आम्हाला चौथ्या वर्षी सापडली. गाव जामखेडच्या बाजूला, मुख्य रस्त्यापासून आत. नाव लिहीत नाही, कारण पुढं जे झालं त्यात गावाचा तसा दोष नाही. इतर गढ्या पसरलेल्या असतात. ही सरळ वर गेलेली होती, एकावर एक चार खोल्या. बाहेरचं कोट-अंगण कधीच गावातल्या घरांच्या भिंतींत जिरलं होतं, हा एक मनोरा तेवढा राहिला होता. पायाशी काळा घडीव दगड, तोही बाहेर फाकलेला, म्हणजे कुणाला खणून आत शिरता येऊ नये. वर भाजक्या विटा आणि चुना. दार इतकं ठेंगणं की मान वाकवल्याशिवाय आत जाता येत नव्हतं, आणि मान वाकवलेला माणूस आतल्याच्या ताब्यात सापडतो, हे माझ्या लक्षात आलं. दारामागं दोन्ही भिंतींत अडसराची भोकं. दाराच्या बरोबर वर, छतात, हातभर चौकोनी भोक. गावकरी म्हणाले, यातून शत्रूवर कढतं तेल ओतायचे. आपांनी लिहिलं, 'चौकोनी भोक, एक हात. उपयोग माहीत नाही.'

तळाची खोली धान्याची. तिच्यावरची पहारेकऱ्यांची असावी, कारण तिथं भिंतीत जंग्या होत्या, बाहेरून फटीएवढ्या आणि आतून बंदूक फिरवता येईल इतक्या रुंद. तिसरीत नक्षीचे कोनाडे, म्हणजे मालक बसत असणार. जिना भिंतीच्या पोटातून वर जायचा, काळोखातून, वळत. त्याची एक पायरी वीतभर तर पुढची दीड वीत. नवखा माणूस त्यावर ठेचकाळणारच. आपांचे गुडघे तेव्हाच गेले होते. प्रत्येक वळणावर त्या खाली बसायच्या, पायरीची उंची मोजायच्या, मला आकडा सांगायच्या आणि पुन्हा उठायच्या. अठ्ठावन्न पायऱ्या चढायला आम्हाला सकाळ गेली.

सगळ्यांत वरच्या खोलीत एक कोपरा धुरानं काळा पडलेला होता आणि फरशीत जात्यानं झिजवलेलं गोल. आपा त्या गोलाशेजारी बसल्या. बराच वेळ काही मोजलं नाही. मग म्हणाल्या, "इथं बाई राहत होती." मी म्हटलं, बाया-मुलांना वर ठेवत असतील, लुटारू आले की. त्या म्हणाल्या, "ते कधीतरी यायचे. पाणी रोज लागायचं. रोज हे पाणी कोण वर आणत असेल, टीचर?"

मी घरी कामाला बाई लावलेली नाही, पाणी मीच भरते. मला त्या प्रश्नानंतर एकदम पायांतलं दुखणं जाणवलं.

या गावच्या सरपंच तिशीच्या होत्या. आधी अंगणवाडीत मदतनीस होत्या, मग निवडून आल्या. स्वभावानं सरळ. त्यांनीच कुलूप काढून दिलं होतं आणि दुपारी चहा घेऊन आल्या. त्यांना गढी राखायची होती. गावाला दाखवण्यासारखं हेच एक आहे, म्हणाल्या. आपांच्या नकाशाची प्रत अर्जाला जोडली तर दुरुस्तीला मंजुरी मिळेल, असं कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. आपांचा नकाशा पहिल्यांदाच कुणीतरी मागत होतं. परतताना स्कूटीवर मागं बसून त्या काहीतरी गुणगुणत होत्या. हे मी पूर्वी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या रविवारी बाहेरची बाजू मोजताना ती भेग दिसली. उत्तरेच्या भिंतीत, माथ्यापासून दुसऱ्या खोलीच्या जंगीपर्यंत आलेली. मनगट सहज शिरेल एवढी रुंद वाटत होती, पण उंचावर होती, हात पोचत नव्हता. आणि त्या भिंतीच्या बरोबर खाली गावची अंगणवाडी. वीसेक मुलं चटईवर बसतात, तिथं.

मी म्हटलं, आपा, ही रेघ बारीक काढा. अर्जाबरोबर जायचंय. मोठी दिसली तर ते लोक घाबरतील.

पुढचे आठ-दहा दिवस नकाशा शाईत उतरला नाही. मी संध्याकाळी डोकावले की फळीवर पेन्सिलीचा कागद तसाच. सगळी गढी काढून झालेली, उत्तरेची भिंत कोरी. एके दिवशी त्यांनी मला विचारलं, "तुमची शाळा त्या भिंतीखाली असती, तर मुलांना बसवलं असतं?"

त्यांनी भेग काढली, जशी दिसली तशी, पूर्ण रुंदीची. खालच्या कोपऱ्यात चार ओळी लिहिल्या. अंगणवाडी लगेच हलवावी, भिंतीला टेकू द्यावेत, भेगेची खोली तपासून चुन्यानं भरावी, सिमेंट वापरू नये. मोठ्या कागदावरचा तो नकाशा सरपंचबाईंनी स्वतः येऊन नेला.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. अर्ज वर गेला. नकाशा मोठा, कचेरीतलं झेरॉक्स मशीन लहान. कुणीतरी बसेल तेवढ्या भागाची प्रत काढली आणि मूळ नकाशा सरपंचबाईंबरोबर आपांकडे परत पाठवला. भेग प्रतीत आली, कोपऱ्यातल्या चार ओळी आल्या नाहीत. पाहणी करायला माणसं आली, त्यांनी खाली अंगणवाडी पाहिली, हातातला कागद पाहिला. इमारत धोकादायक ठरली, उतरवून घेण्याचा आदेश निघाला. मुलं असल्या भिंतीखाली बसतात म्हटल्यावर कोण वाद घालणार? सरपंचबाईंनी ठरावावर सही केली. सही करून आल्यावर त्यांनी आपांना फोन केला आणि सही केल्याचं स्वतःच सांगितलं, असं आपा म्हणाल्या.

आपांनी कचेरीत जाऊन मूळ नकाशा दाखवला. दोनदा गेल्या. एकदा साहेब दौऱ्यावर होते, एकदा भेटले. त्यांनी चार ओळी वाचल्या आणि नीट बोलले. म्हणाले, आता आदेश झालाय, आणि मुलांचा प्रश्न आहे, मी मागं घेतला आणि काही झालं तर? आपांना हे पटलं. पटलं, याचाच त्यांना जास्त त्रास झाला असावा.

पाडायला सुरुवात झाल्याचं कळलं तसं त्या म्हणाल्या, जायचं. मी रजा टाकली. आम्ही पोचलो तेव्हा वरच्या दोन खोल्या गेल्या होत्या. पोकलेन जेवणासाठी थांबला होता. चालवणारा माणूस सावलीत भाकरी खात होता, त्यानं आम्हाला पाहिलं, कोण म्हणून विचारलं. मग आपणहून सांगायला लागला. "दोन दिसांचं काम सांगितलं हुतं. आज पाचवा दिस हाय. चुना न्हाई, लोखंड हाय ह्यो. बकेटचे दात गेले माझे."

आपांनी त्याला विचारलं, जेवण होईपर्यंत आम्ही वर जाऊ का. तो म्हणाला, पडाल, आज्जी. मग उठून स्वतःच त्यांना हात दिला. विटा-दगडांचा ढिगारा आता दुसऱ्या खोलीइतका उंच झाला होता. आधी जिथं हात पोचत नव्हता तिथं आम्ही उभ्या होतो. भिंत मधोमध तुटली होती आणि तिचं पोट उघडं पडलं होतं, भाकरीचा पापुद्रा सोडवावा तसं. उत्तरेच्या बाजूला, जंगीच्या वर, भेगेचं शेवटचं टोक तेवढं राहिलं होतं.

आपांनी तिच्यात बोटं घातली. चार बोटांएवढी आत गेली आणि थांबली. भेग बाहेरच्या विटांच्या थरात होती. पुढं दगड-चुन्याचा भराव, एकसंध, कुठं केसाएवढीही चीर नाही. त्यांनी बोटं काढली, पुन्हा घातली, दुसऱ्या जागी घालून पाहिली. मग मला टेप धरायला सांगितला. मी धरला. टेपला झोळ आला होता. ताठ धरा असं त्या म्हणाल्या नाहीत, फक्त आकडा सांगितला, आणि तो लिहायलाही मला वेळ लागला.

खाली उतरलो तर सरपंचबाई पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या. त्यांचे डोळे सुजलेले. आपांनी पाणी पिऊन तांब्या परत दिला, तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "आज्जी, खरं सांगा. पडलीच असती ना ही?"

मी दुसरीकडं पाहायला लागले. खरं सांगणं हा आपांचा धर्म होता, मला ते माहीत होतं, आणि त्या क्षणी मला त्याची भीती वाटली. आपांनी सरपंचबाईंकडं नीट पाहिलं.

"पोरं आता कुठं बसतात?"

"समाजमंदिरात. पत्रा हाय वर, पन पंखा लावलाय आमी."

"मग बरं झालं," आपा म्हणाल्या, आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

येताना वाटेत आम्ही कुठंच थांबलो नाही. घरी आल्यावर त्यांनी मूळ नकाशा काढला, दौतीत टाक बुडवला आणि भेगेशेजारी लिहिलं, 'फक्त बाहेरच्या थरात. खोली चार बोटं. पाडताना पाहिलं.' मी म्हटलं, आता हे कुणासाठी? त्या म्हणाल्या, "भेग मी काढली. किती खोल आहे हे शिडी लावून बघायला हवं होतं. तेव्हा गुडघे दुखत होते."

मला त्यांना सांगायचं होतं, की शिडी लावायला मीही होते आणि मीही दमले होते. ते मी बोलले नाही. आजही ते राहून गेल्यासारखं वाटतं.

त्यानंतर त्या गढ्या मोजायच्या थांबल्या नाहीत. लोकांना वाटतं, माणूस अशा वेळी एकदम खचतो. तसं नसतं. त्या रविवारी येत राहिल्या, फक्त घरी गेल्यावर शाईत काही उतरवत नव्हत्या. पेन्सिलीचे कागद साठत गेले. मग गुडघ्यांनी अगदीच साथ सोडली, आणि मुलगी न्यायला आली. जायच्या आधी महिनाभर त्यांनी एक काम केलं. प्रत्येक गावचा नकाशा त्या त्या गावच्या शाळेला पाठवायचा. पाकिटांवर पत्ते मी लिहिले. सगळ्यांतून एकाच मुख्याध्यापकांचा फोन आला. ही कुठली योजना आहे आणि माहिती कधीपर्यंत भरून पाठवायची, असं विचारत होते. आपांना सांगितलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की ठसका लागला.

उभ्या गढीचा नकाशा त्यांनी कुठं पाठवला नाही. तो माझ्याकडं आहे, कपाटावर, गुंडाळून. सरपंचबाईंना तो दाखवावा का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात आपा गेल्याचं सांगायला नाशिकहून त्यांच्या मुलीचा फोन आला. मी वर्गात हजेरी घेत होते. दोन मिनिटं बोलून फोन ठेवला, हजेरी पुरी केली, मुलांना धडा वाचायला सांगितला. कुणी काय वाचलं ते मला आठवत नाही.

त्या रविवारी मी नेहमीच्या वेळेला उठले आणि स्कूटी बाहेर काढली. का ते मला सांगता येणार नाही. जामखेड रस्त्याच्या पंपावर पेट्रोल घेतलं. पंपावरचा माणूस ओळखीचा, त्यानं विचारलं, आज आज्जी न्हाई आल्या? मी नाही म्हटलं. त्यानं वाकून मागचं चाक दाबून पाहिलं आणि म्हणाला, ह्यात हवा कमी हाय, मागं माणूस बसलं तर रिंग टेकंल. मागं कुणी बसणार नव्हतं. तरी मी हवा भरून घेतली.